यंत्राचा सल्ला आणि माणसाचा निर्णय

१९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून आणलेले एक विद्युत् गणकयंत्र बसविण्यात आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेली ही संस्था त्या सुमारास दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आखणीत गुंतली होती, आणि राष्ट्रीय नमुना पाहणीतून येणाऱ्या आकड्यांची जुळणी केवळ मनुष्यबळावर करणे दिवसेंदिवस कठीण होत चालले होते. पुढे १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः घडविलेले 'टिफ्रॅक' हे गणकयंत्र कामास लागले. या दोन्ही यंत्रांकडून देशाची अपेक्षा मर्यादित होती. आकडे माणसाने द्यावयाचे, रीत माणसाने सांगावयाची आणि यंत्राने ती बिनचूक व त्वरेने पार पाडावयाची, एवढाच हा करार होता. उत्तर चुकलेच, तर आकडे चुकले की रीत चुकली हे शोधून काढता येत असे.

आज शासनाच्या कचेऱ्यांत, रुग्णालयांत, शेतीखात्यात आणि कारखान्यांत जी यंत्रणा प्रवेश करीत आहे, तिच्याशी असा सरळ करार करता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता या नावाने ती ओळखली जाते. नीती आयोगाने २०१८ साली या विषयाचे राष्ट्रीय धोरण मांडताना आरोग्य, शेती, शिक्षण, नगरव्यवस्था आणि वाहतूक ही पाच क्षेत्रे अग्रक्रमाने निवडली. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय कार्यक्रमास मान्यता दिली. एवढा खर्च आणि एवढी उमेद ज्या साधनावर लावली जात आहे, ते साधन कोठे वापरावे आणि कोठे त्याचा हात आखडता ठेवावा, याचा विचार केवळ तज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही. ज्याच्या शिधापत्रिकेवर, निवृत्तिवेतनावर वा औषधोपचारावर त्याचा परिणाम व्हावयाचा आहे, त्या सामान्य नागरिकालाही तो करता आला पाहिजे. त्यासाठी गणिताच्या गहन ज्ञानाची आवश्यकता नाही. यंत्र चुकले तर त्या चुकीची झळ कोणाला लागेल आणि ती चूक वेळीच दुरुस्त होईल काय, हा एक प्रश्न नीट विचारला, तरी बराचसा मार्ग स्पष्ट होतो.

यंत्र शिकते म्हणजे काय होते?

जुन्या गणकयंत्राला नियम सांगावा लागे. नव्या यंत्रणेला उदाहरणे दिली जातात आणि नियम तिने त्यांतून स्वतः बांधावा, अशी योजना असते. छातीच्या क्ष-किरण चित्रांचे उदाहरण घ्यावे. क्षयरोग झालेल्या व न झालेल्या व्यक्तींची हजारो चित्रे, प्रत्येकावर डॉक्टरांचा निष्कर्ष नोंदवून, यंत्रापुढे ठेवली जातात. यंत्र प्रत्येक चित्र म्हणजे काळ्या-पांढऱ्या छटांचे आकडे असे मानते, त्या आकड्यांना कमीअधिक वजन देऊन एक अंदाज करते, तो अंदाज डॉक्टरांच्या निष्कर्षाशी ताडून पाहते आणि चूक कमी होईल अशा रीतीने ती वजने किंचित बदलते. हे लक्षावधी वेळा घडल्यावर, पूर्वी न पाहिलेल्या चित्राबद्दलही ते बऱ्याच अंशी बरोबर अंदाज करू लागते.

या रीतीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, यंत्राचे उत्तर हे शक्यतेचे असते. अमुक चित्रात रोगाची शक्यता अधिक आहे, एवढेच ते सांगते. त्या शक्यतेच्या कोणत्या पायरीला रोगी म्हणावयाचे, ती रेषा माणूसच आखतो. दुसरी अशी की, यंत्र ज्या उदाहरणांवर पोसले गेले, त्यांच्यातील उणिवा त्याच्या अंदाजात उतरतात. शहरातील रुग्णालयांच्या स्वच्छ चित्रांवर शिकलेले यंत्र खेड्यातील जुन्या उपकरणाने काढलेल्या चित्रापुढे गोंधळते. पूर्वीच्या नोंदींत एखाद्या समाजावर अन्याय झालेला असेल, तर यंत्र तो अन्याय नियम म्हणून आत्मसात करते. त्याला हेतू नसतो, तसा संकोचही नसतो.

जेथे यंत्र उपकारक ठरते

या मर्यादा ध्यानात घेऊनही, यंत्राची मदत नाकारणे भारतासारख्या देशाला परवडण्यासारखे नाही. शेतीचाच विचार केला, तर देशातील लागवडीखालील जमिनीपैकी जवळजवळ निम्मी अद्याप पावसावर अवलंबून आहे. पेरणीनंतर पावसाने दीर्घ ओढ दिली की बियाणे व मजुरी दोन्ही वाया जातात आणि दुबार पेरणीसाठी कर्ज काढावे लागते. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याजवळ सव्वाशे वर्षांहून अधिक काळच्या पावसाच्या नोंदी आहेत. २०२५ च्या खरीप हंगामात या नोंदी आणि शिकणाऱ्या यंत्रणांनी केलेले जागतिक हवामानाचे अंदाज यांची सांगड घालून, पावसाच्या आगमनाचा सुमारे चार आठवडे आधीचा अंदाज कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना भ्रमणध्वनीवर पाठविला. त्या वर्षी पाऊस लवकर आला आणि मग त्याची उत्तरेकडील वाटचाल सुमारे २० दिवस थांबली. हा खंड अंदाजात आधीच सूचित झालेला होता. पेरणी केव्हा करावयाची हे मात्र शेतकऱ्यानेच ठरवावयाचे होते. अंदाजावर विश्वास ठेवावा की आभाळाकडे पाहून स्वतःचा अनुभव प्रमाण मानावा, हा अधिकार त्याच्याकडेच राहिला.

कापसाच्या गुलाबी बोंडअळीचे उदाहरणही असेच बोलके आहे. २०१७ साली या किडीने विदर्भातील कापसाची मोठी हानी केली. अळी बोंडाच्या आत राहत असल्याने ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून शेतात कामगंध सापळे लावून त्यांत सापडणारे पतंग मोजण्याची पद्धत आहे. सलग तीन दिवस एका सापळ्यात दररोज आठ-दहा पतंग आढळले, तर उपाययोजना करावी असा संकेत आहे. ही मोजणी कंटाळवाणी असते आणि पतंग ओळखण्यात चूकही होते. सापळ्याचे छायाचित्र घेतले असता पतंग ओळखून मोजणारी यंत्रणा भारतात विकसित झाली असून, कीड-सर्वेक्षणाची राष्ट्रीय व्यवस्था ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. येथे यंत्राची मोजणी शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येते. मोजणी चुकली, तर एखादी फवारणी अनावश्यक होईल वा लांबेल. परंतु दुसऱ्या दिवशी सापळा तेथेच असतो.

आरोग्याच्या क्षेत्रात तर यंत्राची निकड अधिक आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि क्ष-किरण चित्र वाचणारे तज्ज्ञ बहुशः शहरांत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली, १५ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींच्या प्राथमिक तपासणीत अशी चित्रे संगणकाकडून वाचून घेण्यास मान्यता दिली. हातात धरता येणारे क्ष-किरण उपकरण घेऊन आरोग्यसेवक वस्तीवर जातो, यंत्र संशयित चित्रे वेगळी काढते, आणि त्या व्यक्तींच्या थुंकीची प्रयोगशाळेत तपासणी होते. रोगाचे निदान थुंकीच्या तपासणीने निश्चित होते; यंत्राचे काम चाळणीचे आहे. निरोगी माणसाला यंत्राने संशयित ठरविले, तर एका तपासणीचा त्रास होईल. रोगी माणसाला निरोगी ठरविले, तर मात्र हानी मोठी आहे, आणि म्हणूनच संशयाची रेषा कोठे आखावयाची हे त्या त्या प्रदेशात चाचणी घेऊन ठरवावे लागते.

अशा चाचणीवाचून काय होते, याचा धडा मधुमेहजन्य नेत्ररोगाच्या बाबतीत मिळाला. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय, चेन्नईचे शंकर नेत्रालय इत्यादी संस्थांतील चित्रांच्या साहाय्याने तयार झालेल्या यंत्रणेने नेत्रतज्ज्ञांच्या तोडीचे निदान केल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. हीच यंत्रणा पुढे थायलंडमधील दवाखान्यांत नेली, तेव्हा तेथील परिचारिकांनी अपुऱ्या व्यवस्थेत काढलेल्या चित्रांपैकी सुमारे पंचमांश चित्रे तिने वाचण्यासच नकार दिला. खोली पुरेशी अंधारी नव्हती, आंतरजालाची गती मंद होती, आणि ज्यांची चित्रे नाकारली गेली त्या रुग्णांना दूरच्या तज्ज्ञाकडे जाण्यास सांगणे भाग पडले. ही हकीकत २०२० साली संशोधकांनी स्वतःच प्रसिद्ध केली, हे त्यांना भूषणावह आहे. प्रयोगशाळेतील यशावरून खेड्यातील यश गृहीत धरता येत नाही, हे त्यावरून दिसून येते.

उद्योगांत व वाहतुकीतही यंत्राला मोठे क्षेत्र आहे. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अजूनही खर्चाचे असल्याने, मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. जुलै २०१२ मध्ये हा मेळ बिघडून उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील वीज खंडित झाली, तेव्हा सुमारे ६० कोटी लोकवस्तीच्या प्रदेशाला त्याची झळ पोहोचली. राजस्थानातील भडला किंवा कर्नाटकातील पावगडा येथील विस्तीर्ण सौर प्रकल्पांची निर्मिती ढगांच्या सावलीबरोबर कमीजास्त होते. तिचा आगाऊ अंदाज करण्यास शिकणारी यंत्रणा उपयोगी पडते. कारखान्यात फिरत्या यंत्राच्या कंपनांतील सूक्ष्म फरकावरून धारवा झिजत असल्याचे ती सांगू शकते, आणि मागावरून उतरणाऱ्या कापडातील दोष तिच्या दृष्टीतून सहसा सुटत नाहीत. तमिळनाडूत कोइमतूरजवळ मदुक्करई येथे लोहमार्ग हत्तींच्या वाटेतून जातो व पूर्वी तेथे गाड्यांखाली हत्ती दगावले आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून तेथे १२ मनोऱ्यांवरील उष्णतादर्शक कॅमेरे हत्तीची चाहूल ओळखून नियंत्रण कक्षाला इशारा देतात आणि गाडीचा वेग कमी केला जातो. इशारा खोटा निघाला, तर गाडीला काही मिनिटांचा उशीर होतो, एवढेच.

या सर्व उदाहरणांत एक साम्य आहे. यंत्राने सुचविलेली गोष्ट दुसऱ्या मार्गाने ताडून पाहता येते, ताडून पाहणारा माणूस जवळ असतो, आणि बहुतेक चुकांची किंमत अल्प असते. जेथे ही तीन लक्षणे आढळतात, तेथे यंत्राचा प्रसार निःशंकपणे व त्वरेने व्हावा.

जेथे चूक दुर्बलाच्या माथी येते

याच्या उलट परिस्थिती तेथे निर्माण होते, जेथे यंत्राच्या अंदाजावरून नागरिकाचा हक्क काढून घेतला जातो. तेलंगणात निरनिराळ्या खात्यांतील नोंदी एकत्र जुळवून कुटुंबाची पात्रता ठरविणारी 'समग्र वेदिका' ही यंत्रणा उभारण्यात आली. वाहनाची नोंदणी, मालमत्ता, वीजजोडणी अशा नोंदी पाहून सधन कुटुंबे वगळावीत, हा हेतू वाजवी होता. परंतु खात्याखात्यांतील नोंदींत नावे सारखी लिहिलेली नसतात. तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून गेलेल्या एकाच नावाची चार रूपे होतात, आणि दोन भिन्न माणसांची नावे सारखी दिसू लागतात. अशा वेळी मोटार एकाची आणि अपात्रता दुसऱ्याची, असा प्रकार घडू शकतो. संगणकाच्या आधारे व प्रत्यक्ष चौकशी न करता सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे आली, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरपडताळणी करण्याचा आदेश राज्यास दिला. फेरपडताळणीत हजारो कुटुंबे पात्र आढळली. मधल्या काळात त्यांना स्वस्त धान्य मिळाले नाही, आणि गेलेले महिने कोणत्याही आदेशाने परत येत नाहीत.

हा दोष भारतापुरता मर्यादित नाही. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून सरकारी साह्य घेणाऱ्यांची मिळकत संगणकाद्वारे तपासण्यात येऊ लागली. करखात्याकडील वर्षाची एकूण मिळकत पंधरवड्यांत समान वाटून ती त्या त्या पंधरवड्याच्या कथनाशी ताडली जाई. एखाद्या मजुराला सहा महिने काम मिळाले व सहा महिने तो बेकार राहिला, तर बेकारीच्या पंधरवड्यांतही त्याला मिळकत होती असे या सरासरीवरून दिसे, आणि घेतलेले साह्य परत करण्याची नोटीस त्याला पाठविली जाई. या गणितात बुद्धिमत्तेचा लवलेश नव्हता. भागाकार मात्र अचूक होता. २०२० साली सरकारने वसूल केलेल्या रकमा परत करण्याचे जाहीर केले, आणि २०२३ साली चौकशी आयोगाने या योजनेवर कठोर ठपका ठेवला. नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या अनुदानात लबाडी केल्याच्या संशयावरून हजारो कुटुंबे कर्जाच्या खाईत लोटली गेली. त्यांची निवड करण्यात धोक्याचे गुण देणाऱ्या यंत्रणेचा हात होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील सरकारला त्यापायी राजीनामा द्यावा लागला.

यंत्र जवळजवळ नेहमी बरोबर असते, मग अशा चुका अपवादात्मकच मानाव्यात, असे म्हटले जाते. हे म्हणणे शाळेतील अंकगणिताने तपासता येते. समजा, एका तालुक्यात १०,००० शिधापत्रिका आहेत व त्यांपैकी १०० खोट्या आहेत. यंत्र शंभरात ९५ वेळा बरोबर ठरते असे धरू. तर १०० खोट्या पत्रिकांपैकी ९५ ते पकडील. परंतु उरलेल्या ९,९०० खऱ्या पत्रिकांपैकी शेकडा ५, म्हणजे ४९५ पत्रिकाही ते संशयित ठरवील. एकूण ५९० संशयितांत ४९५ कुटुंबे निर्दोष असतील. म्हणजे दर सहा संशयितांत जवळजवळ पाच. यंत्राचा निकाल अंतिम मानणारा अधिकारी ९५ लबाडांना शासन करण्यासाठी ४९५ प्रामाणिक कुटुंबांचे धान्य तोडील. तोच अधिकारी ५९० घरांना भेट देण्याची व्यवस्था करील, तर १०,००० घरे तपासण्याचे श्रम वाचतील आणि एकाही प्रामाणिक कुटुंबावर अन्याय होणार नाही. दोन्ही ठिकाणी यंत्र एकच आहे. त्याला कोणते स्थान दिले, एवढाच भेद आहे.

एक वाजवी आक्षेप

यावर असा आक्षेप घेतला जातो की, माणसाचा निर्णय तरी कोठे निर्दोष असतो? तलाठी वा पटवारी चुकतो, ओळखीच्या माणसाला झुकते माप देतो, कधी लाचही घेतो. यंत्राला नातेवाईक नसतात व भूकही नसते. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकणे योग्य नव्हे. सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजविलेल्या कोणत्याही नागरिकाला तो पटेल. यास्तव जेथे अधिकाऱ्याच्या मर्जीला अवाजवी वाव आहे, तेथे यंत्राने त्याच्या निर्णयांवर लक्ष ठेवावे, सारख्या प्रकरणांत निराळे निकाल का झाले याची विचारणा करावी, हे स्वागतार्हच आहे.

परंतु दोन्ही चुकांच्या स्वरूपात फरक आहे. एका अधिकाऱ्याची चूक एका सज्जापुरती राहते आणि शेजारच्या सज्जाशी तुलना करून ती उघड होते. यंत्राची चूक एकाच सकाळी सर्व जिल्ह्यांत सारखी होते, आणि सर्वत्र सारखीच असल्याने ती नियमाप्रमाणे भासते. शिवाय अधिकाऱ्यापुढे उभे राहून 'ही मोटार माझी नव्हे' असे सांगता येते. जो यंत्राच्या पडद्याकडे बोट दाखवून 'माझ्या हाती काही नाही' असे म्हणतो, त्याच्यापुढे सत्य सांगूनही उपयोग होत नाही. लोकशाही राज्यात नागरिक आणि शासन यांच्यामध्ये कोणीतरी उत्तर देणारा असावा लागतो. तो नाहीसा झाला, तर कारभाराचा वेग वाढेल, परंतु तो कारभार लोकांचा राहणार नाही.

काय करावे?

यावरून काही पथ्ये आपोआप सुचतात. पहिले पथ्य कारणाचे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथ्या कलमान्वये, प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीस देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. 'तुमचे गुण कमी भरले' हे कारण नव्हे. 'अमुक क्रमांकाची मोटार तुमच्या नावे आढळली' हे कारण आहे, कारण ते खोडून काढता येते. ज्या यंत्रणेला असे कारण देता येत नाही, तिच्या आधारे कोणाचाही हक्क थांबवू नये.

दुसरे पथ्य क्रमाचे. आधी लाभ बंद करावयाचा आणि मग नागरिकाने आपला निर्दोषपणा सिद्ध करीत फिरावयाचे, हा क्रम उलटा करावयास पाहिजे. प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत लाभ चालू राहावा. त्यात काही लबाडांना दोन महिने अधिक धान्य मिळेल. पण शंभर प्रामाणिक घरांची चूल बंद पडण्यापेक्षा हा तोटा शासनाला सहज सोसण्यासारखा आहे. पडताळणीला माणसे कोठून आणावयाची, असा प्रश्न येईल. चाळणीचे काम यंत्राने केल्याने जे श्रम वाचतात, ते याच कामी लावावयाचे आहेत. त्या बचतीचा याहून चांगला उपयोग नाही.

तिसरे पथ्य जबाबदारीचे. प्रत्येक निर्णयावर एका अधिकाऱ्याचे नाव व सही असावी, आणि यंत्राचा सल्ला अमान्य करण्याची त्याला खरी मुभा असावी. सल्ला डावलल्याबद्दल जाब आणि मानल्याबद्दल अभय, अशी रीत पडली, तर सही करणारा लवकरच केवळ शिक्का मारणारा होतो. न्यायसंस्थेने या बाबतीत घालून दिलेला दंडक अनुकरणीय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून निकालपत्रांच्या भाषांतरासाठी यंत्राचे साह्य घेतले. केरळच्या उच्च न्यायालयाने मात्र जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण ठरविताना, निष्कर्ष, आदेश वा निकाल यांपर्यंत पोहोचण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करू नये, असे स्पष्ट बजावले. भाषांतरातील चूक मूळ निकालाशी ताडून सुधारता येते. निकालातील चुकीने माणूस तुरुंगात जातो. कार्यकारी शासनानेही आपल्या कामांची अशीच विभागणी करावी.

चौथे पथ्य भाषेचे. जुलै २०२२ मध्ये आरंभ झालेल्या 'भाषिणी' या राष्ट्रीय उपक्रमाचा हेतू, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत नागरिकाला शासनाशी बोलता यावे, हा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा हा कदाचित सर्वांत लोकोपयोगी विनियोग होय. ज्या वृद्धेला अर्ज लिहिता येत नाही, तिने आपली तक्रार बोलून दाखवावी आणि यंत्राने ती लिहून घ्यावी, यात तिचा हक्क वाढतो, घटत नाही. तथापि २०११ च्या जनगणनेत एक कोटीहून अधिक भाषिक नोंदविलेली भिली आणि गोदावरी-नर्मदेच्या खोऱ्यांत बोलली जाणारी गोंडी या अनुसूचीत नाहीत. आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये 'आदि वाणी' या नावाने भिली, गोंडी, मुंडारी व संथाळी यांसाठी भाषांतराची यंत्रणा सुरू केली, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. ज्या भाषेत तक्रार करता येत नाही, त्या भाषेच्या माणसावर यंत्राचा निकालही लादता कामा नये.

शेवटचे पथ्य हिशेबाचे. जमाखर्चाची जशी दरवर्षी तपासणी होते, तशी सार्वजनिक सेवेतील प्रत्येक यंत्रणेची व्हावी. तिने किती सल्ले दिले, किती पडताळले गेले, त्यांतील किती चुकीचे निघाले, आणि त्या चुका स्त्रियांच्या, आदिवासींच्या वा स्थलांतरित मजुरांच्या वाट्यास अधिक आल्या काय, हे आकडे प्रसिद्ध व्हावेत. महालनोबिसांच्या नमुना पाहणीत एकाच क्षेत्राची मोजणी दोन स्वतंत्र गटांकडून करवून घेऊन त्यांतील तफावत नोंदविण्याची पद्धत होती. आपल्या आकड्यांत चूक किती आहे, हे सांगितल्यावाचून आकडा पूर्ण होत नाही, ही त्यामागील दृष्टी होती. देशाच्या पहिल्या गणकयंत्राबरोबर जो वारसा आला, त्यातील हा भाग यंत्राहून अधिक टिकाऊ आहे.

आजच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या ही यंत्रे घडवतील, काही जण कचेऱ्यांत बसून त्यांचे सल्ले वाचतील, आणि सर्वच जण केव्हा ना केव्हा त्यांच्या अंदाजाचा विषय होतील. घडविणाऱ्याने आपल्या यंत्राच्या चुका स्वतःहून मोजाव्यात. कचेरीतील अधिकाऱ्याने सही करण्यापूर्वी एकदा त्या घरी जाऊन यावे. आणि ज्याचा हक्क नाकारला गेला, त्याने कारण लेखी व आपल्या भाषेत मागावे. कायद्याने ते मागण्याचा अधिकार त्याला आजही आहे.